पाणी कुठे जातं? कोकणातली जुनी पेठ पायी बघताना

जुन्या पेठेत शिरल्यावर आधी खाली बघा. नक्षीदार कठडे, कोरलेले खांब, दारावरचा गणपती हे सगळं नंतर. घराच्या पुढ्यात, भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर, मातीत किंवा चिऱ्यांत (जांभ्या दगडाच्या कापीव ठोकळ्यांत) लहान लहान खळग्यांची एक सरळ रेघ दिसते का ते बघा. ती पागोळ्यांची रेघ. छपरावरून उतरणारी एकेक धार वर्षानुवर्षं त्याच जागी पडून तिथे खळगा झालेला असतो. ही रेघ जोत्याच्या, म्हणजे घराखालच्या चौथऱ्याच्या, बाहेर असेल तर वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेली छपराची कड, आपलं काम करते आहे असं समजा. जोत्याच्या कडेवर आली असेल तर कधीतरी वाशांची टोकं कापली गेली आहेत, बहुधा कुजली म्हणून किंवा रस्ता रुंद करताना. तेव्हापासून त्या घराची खालची भिंत दर पावसाळ्यात भिजते आहे.

रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही जेमतेम चार महिन्यांत. इथलं जुनं घर म्हणजे या पाण्याला दिलेलं उत्तर. पाणी होईल तितकं अंगाबाहेर टाकायचं आणि जे अंगात मुरेल ते पुढच्या आठ महिन्यांत वाळू द्यायचं. घराचा प्रत्येक भाग या दोन कामांपैकी एक करतो. आज पेठेत जी पडझड दिसते, त्यातली बरीचशी वयामुळे झालेली नाही. कुणीतरी चांगल्या हेतूने यातलं एक काम बंद पाडलं, म्हणून झाली आहे.

फेरी शक्यतो दोनदा करावी. एकदा पाऊस संपून महिना-दीड महिना झाल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात, आणि एकदा भर आषाढात छत्री घेऊन. सकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ बरी, कारण तिरप्या उन्हात भिंतीचे फुगवटे आणि छपराची झोल चटकन दिसते. दुपारी सगळंच सपाट दिसतं. सोबत पाच मीटरची टेप, टॉर्च, वही आणि स्वेटर विणायची एक सुई असू द्या. सुई कशाला, ते लाकडाशी आल्यावर सांगतो.

पेठ अशी लांबट का?

किनाऱ्यालगतच्या बहुतेक जुन्या पेठांची मांडणी ओळखीची आहे. खाली खाडी किंवा बंदर, त्याला लागून वखारी, तिथून निघणारा एकच मुख्य रस्ता म्हणजे पेठ, पेठेला फुटलेल्या आळ्या, आणि वर सड्याकडे, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठाराकडे, चढणाऱ्या चिऱ्यांच्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटा. राजापूर हा याचा उत्तम नमुना. अर्जुना आणि कोदवली नद्यांच्या काठी, घाटावरून उतरणारा माल आणि खाडीतून येणारी गलबतं जिथे भेटत तिथे ही पेठ वसली. इंग्रजांची वखार इथे होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, इतका या बाजाराचा दबदबा. पुढे व्यापाराची वाट बदलली. रस्त्याने माल येऊ लागला, खाड्या गाळाने भरल्या आणि पेठा मागे पडल्या. म्हणून त्या टिकल्या. कुणी जपल्या म्हणून टिकल्या हा गोड गैरसमज आहे. पाडून नवं बांधण्याइतका पैसा त्या पेठांत उरला नव्हता.

पेठेतल्या दुकानघराचं तोंड अरुंद आणि पोट खोल असतं. पुढे दुकान, वर माल ठेवायचा माळा, मागे राहतं घर, त्यामागे परस आणि विहीर. जुन्या दुकानाला शटर नसतं, उभ्या फळ्यांचं दार असतं. उंबऱ्यात आणि वरच्या चौकटीत खाच असते, तीत एकेक फळी सरकवत न्यायची आणि शेवटच्या फळीला कडी घालायची. फळ्यांच्या आतल्या बाजूला १, २, ३ असे आकडे कोरलेले किंवा रंगवलेले सापडतात, कारण हाताने रंधलेली प्रत्येक फळी आपल्या शेजारणीशीच जुळते, क्रम चुकला की शेवटची बसत नाही. सकाळी दुकान उघडताना गेलात तर हा सगळा प्रकार बघायला मिळतो. अशा फळ्या जिथे अजून वापरात आहेत, तिथे दुकानदाराला दोन शब्द विचारावेतच.

पायऱ्या मोजा

आता जोतं. जोत्याला रस्त्यापासून किती पायऱ्या आहेत ते मोजा आणि शेजारच्या, मागच्या आळीतल्या घरांशी ताडून बघा. मागच्या आळीत तीन पायऱ्या आणि पेठेत दीडच, असं दिसलं तर घर खचलेलं नाही, रस्ता चढलेला आहे. जुना थर न खरवडता त्यावर डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर टाकला की दर खेपेला रस्ता काही इंच वर येतो. तीन-चार खेपांत एक पायरी गडप होते. अर्धी पायरी जमिनीत गेलेलं जोतं दिसलं की तिथल्या भिंतीचा तळ ओला असणार हे न बघता सांगता येतं, कारण पूर्वी रस्त्यावरून वाहून जाणारं पाणी आता जोत्याला टेकून उभं राहतं.

यावर मालक सहसा अंगणात पेव्हर ब्लॉक बसवतो, पार भिंतीपर्यंत. खालची माती झाकली जाते, तिच्यातल्या ओलीला वर यायला जागा राहत नाही, मग ती भिंतीतून वर चढते. उपाय साधा आहे. भिंतीपासून दोन फूट पट्टा उघडा ठेवायचा, तिथे खडी भरायची आणि त्याला रस्त्याच्या गटाराकडे उतार द्यायचा. ब्लॉक बसवणारा म्हणेल की दिसायला बरं दिसत नाही. म्हणू द्या.

चिरा

दक्षिण कोकणातलं बहुतेक घर जांभ्याचं. लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगं मागे राहून बाकीची खनिजं पावसाने धुपून गेली की खडकाचा जांभा होतो. खाणीत तो इतका मऊ असतो की हत्याराने सहज कापता येतो; हवा लागली, पाणी निघून गेलं की घट्ट होतो. म्हणून जुने गवंडी खाणीतून काढलेला चिरा लगेच भिंतीत घालत नसत, एखादा मोसम उघड्यावर रचून ठेवत. आज खाणीतून ट्रक थेट बांधकामावर येतो. नव्या कुंपणाच्या भिंतींचे कोपरे पाच वर्षांत झडलेले दिसतात, त्याचं हे एक कारण.

चिऱ्याचं वय अंदाजाने सांगायचं असेल तर त्याच्या अंगावरच्या खुणा बघा. तिरप्या, आखूड, एकमेकींशी न जुळणाऱ्या खाचा असतील तर तो हाताने तासलेला आहे. लांब, एकसारख्या, किंचित गोलाई असलेल्या रेघा असतील तर यंत्राच्या गोल पात्याने कापलेला. हाताच्या चिऱ्यांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून सांधे जाड. यंत्राचे चिरे सारखे, साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद, ७ इंच जाड, खाणीगणिक थोडे कमीजास्त. एकाच भिंतीत दोन्ही दिसले तर मधे कधीतरी दुरुस्ती झाली आहे. जोत्याच्या खालच्या एक-दोन थरांत काळवथरी दगड वापरलेला असेल तर बांधणारा जाणता होता. काळा दगड पाणी पीत नाही, जांभा पितो.

जांभ्याची भोकं हीच त्याची गंमत आणि हीच अडचण. जमिनीतली ओल या भोकांतून वर चढते, साधारणपणे हातभर ते मीटरभर. वर चढताना मातीतले क्षार घेऊन येते. पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर वाळतं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि चिऱ्याचा पापुद्रा सुटतो. भिंतीवर दिसणारी ही पांढरी भुकटी म्हणजे लोणा. किनाऱ्यालगतच्या आळ्यांत हवेतलं मीठ त्यात भर घालतं. घराची नैर्ऋत्येकडची बाजू नेहमी जास्त झिजलेली असते, कारण पावसाची झड तिकडून येते. पूर्वी तिथे नारळीच्या विणलेल्या झापांचे आडोसे पावसापुरते बांधत. आता निळी ताडपत्री असते. आडोसा कशाचा आहे ते महत्त्वाचं नाही. तो ऑक्टोबरात काढला जातो की बारा महिने तसाच राहतो, ते बघा. ताडपत्रीमागे कायम झाकलेली भिंत कधी वाळतच नाही.

सिमेंटचा कोट

इथे जरा थांबायला हवं, कारण पेठेतलं सगळ्यात मोठं नुकसान इथे दिसतं.

लोणा लागला, चिरे झडायला लागले की घरातलं कुणीतरी म्हणतं, सिमेंटचा गिलावा करून घेऊ, कटकट मिटेल. गिलावा होतो, वर ऑइलपेंट बसतो, दोन वर्षं भिंत झकास दिसते. आत काय होतं? ओल खालून येतच राहते. पूर्वी ती चिऱ्यातून आणि चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडून वाळत असे, आता दारच बंद. मग ती गिलाव्याच्या मागे वर चढत जाते आणि जिथे गिलावा संपतो तिथे बाहेर येते. म्हणून अशा घरांत ओलीचा पट्टा तीन फुटांऐवजी पाच फुटांवर दिसतो, कधी थेट खिडकीच्या चौकटीपाशी, आणि चौकट कुजते. मागे साठलेले क्षार चिऱ्याचं पीठ करतात. सहा-सात वर्षांनी गिलाव्याचा पत्रा पडतो तेव्हा सोबत चिऱ्याचा इंचभर थर घेऊन येतो. सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक असल्यामुळे झीज नेहमी चिऱ्याचीच होते. सांध्याचा मसाला भिंतीच्या दगडापेक्षा मऊ हवा, म्हणजे झिजायचं तर तो झिजेल आणि दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा भरता येईल. चिरा काही पुन्हा भरता येत नाही.

रस्त्यावरून ओळखायचं कसं? बोटाच्या पेराने गिलावा हलके ठोका. भरीव आवाज आला तर तो भिंतीला धरून आहे, ढबढब आला तर सुटला आहे. रंग नसलेल्या कोपऱ्यात पाण्याचे चार थेंब टाका. चुन्याचा गिलावा ते शोषून घेतो, सिमेंटवर ते बराच वेळ तसेच राहतात किंवा ओघळतात. सुटलेल्या तुकड्याचा रंगही बोलतो: पांढरा-पिवळसर म्हणजे चुना, करडा म्हणजे सिमेंट, विटकरी छटा म्हणजे चुन्यात सुरखी, अर्थात भाजलेल्या विटेची पूड.

चुन्याचं काम अवघड नाही, पण त्याला वेळ लागतो, आणि वेळ द्यायला आज कुणी तयार नसतं. कृती अशी. भट्टीतला कळीचा, म्हणजे अजून पाण्यात न विरवलेला, चुना आणायचा. किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्यांचा चुना वापरत, तोही चालतो. पिंपात आधी पाणी घ्यायचं आणि त्यात चुना थोडा थोडा सोडायचा. उलटं करू नका. चुना खदखदून उकळतो, शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून चष्मा हवाच. विरलेला चुना गाळून, वर पाणी राहील असा किमान पंधरा दिवस मुरवायचा; जितका जुना तितका चांगला. मग एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली नदीची वाळू, जोत्याजवळच्या ओल्या भागात एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. खाडीची वाळू नको, तिच्यातलं मीठ म्हणजे लोणा लागायला आमंत्रण. हे मिश्रण पूर्वी बैलाच्या घाणीत मळत; आता मोर्टार मिक्सरमध्ये मळलं तरी चालतं, फक्त पाणी कमी आणि मळणं जास्त. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची रीत जुनी आहे. त्याने मसाला कामाला सोपा होतो आणि पाणी कमी लागतं, पण घटक चुकीचे असतील तर गुळाने काही सुधारत नाही.

जुने सांधे पाऊण इंच खोल खरवडायचे, झाडायचे, भिंत चांगली भिजवायची आणि मसाला दाबून भरायचा. गिलावा करायचा असेल तर एका थराला अर्ध्या इंचाच्या आत, दोन थरांत आठवड्याचं अंतर. वर ओली गोणपाटं आठवडाभर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड बनतो, आणि त्यासाठी त्याला हवाही हवी, थोडी ओलही हवी. म्हणून पावसाळ्यात हे काम होत नाही, आणि एप्रिलच्या उन्हात झटकन वाळून भेगाळतं. दिवाळीनंतर ते शिमग्याच्या आधी, हा मोसम. “थोडं सिमेंट टाकू का, मजबुती येईल” असं मिस्त्री हमखास विचारतो. टाकू नये. त्याने चुन्याची लवचिकताही जाते आणि सिमेंटची ताकदही येत नाही.

पूर आलेल्या पेठांत एक वेगळी काळजी असते. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी शिरलं तसं झालं की मातीच्या मसाल्यात रचलेल्या भिंतींचे सांधे धुपतात. चिखल ओला असतानाच धुऊन काढायचा, दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि पुढचा उन्हाळा सरेपर्यंत गिलाव्याला, रंगाला हात लावायचा नाही. जाड भिंत आतून वाळायला महिने लागतात.

लाकूड

खांब बघताना त्याचा तळ बघा. तो दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभा असेल तर बहुधा धडधाकट असतो. नवी लादी बसवताना तळखडा लादीखाली गेला असेल तर खांबाचा पाय फरशी पुसण्याच्या पाण्यात रोज भिजतो आणि आतून कुजतो. वरून पॉलिश मात्र लख्ख. इथे ती सुई. मालकाला विचारून, खांबाच्या तळाशी आणि तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे हळूच टोचून बघा. चांगल्या सागात किंवा ऐनात ती जेमतेम शिरते. कुजलेल्यात सहज आत जाते. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, लाकडाखाली बारीक पिठाची ढिगली दिसली तर भुंगा. दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

साग महाग, म्हणून पेठेतल्या घरांत ऐन, किंजळ, फणस, आंबा असं गावचंच लाकूड सापडतं. दुरुस्तीत अख्खा वासा बदलायची गरज क्वचित असते. कुजतं ते वळचणीकडचं किंवा भिंतीतलं टोक. तेवढं कापून त्याच जातीचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी वाशाच्या जाडीच्या किमान तिप्पट हवी आणि बोल्ट गंज न धरणारे. काजूच्या टरफलांचं तेल वाळवीला दूर ठेवतं म्हणून इथे ते लाकडाला लावतात. लावताना हातमोजे घाला, कातडी भाजते.

लोखंडाबद्दल एकच. खाऱ्या हवेत सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि भोवतीचं काँक्रीट फोडतो. जुन्या घराला जोडलेला सत्तर-ऐंशीच्या दशकातला स्लॅबचा सज्जा आज मूळ घरापेक्षा आधी कोसळायच्या बेतात असतो, हे जवळपास प्रत्येक पेठेत दिसेल. अलिबागची १९०४ ची चुंबकीय वेधशाळा तर लोखंड टाळूनच बांधली आहे. कारण वेगळं, यंत्रांच्या मोजणीत लोखंडाचा अडथळा नको हे, पण दगड, साग आणि पितळ-तांब्यावर समुद्रकाठची इमारत कशी उभी राहते ते तिच्यात दिसतं.

कौलावरचा शिक्का

पूर्वी छपरावर अर्धगोल नळे असत, कुंभाराच्या चाकावर केलेले. मग मंगलोरी कौल आलं. बासेल मिशन या जर्मन-स्विस मिशनरी संस्थेने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे तिथून निघालेली कौलं गलबतांतून किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरली. उतरवून ठेवलेलं एखादं कौल उलटं करून बघा. पाठीवर कारखान्याचं नाव ठसठशीत अक्षरांत उमटवलेलं असतं, कधी सोबत एखादं चित्र.

इथे एक सापळा आहे. शिक्क्यात “१८६५” दिसलं म्हणून घर १८६५ चं असं हौशी मंडळी लिहून मोकळी होतात. ते साल कारखान्याच्या स्थापनेचं. कौल पन्नास वर्षांनंतरचंही असू शकतं. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनचे कारखाने इंग्रज सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ नावाने चालले, म्हणजे तो शिक्का असलेलं कौल युद्धानंतरचं हे नक्की. तरीही ते घराचं साल नव्हे, छपराचं. नळे काढून कौलं नंतर घातलेली घरं पुष्कळ आहेत. अशा घरात वाशांवर जुन्या रिपांच्या, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या, खिळ्यांची भोकं सापडतात, वेगळ्याच अंतरावर.

मंगलोरी कौलाला रिपांमधलं अंतर साधारण साडेबारा इंच लागतं आणि एका चौरस मीटरला १५ च्या आसपास कौलं बसतात. एकेक अडीच-तीन किलोचं. उतार तीस अंशांच्या जवळ हवा, म्हणजे दहा फूट आडव्याला सुमारे सहा फूट उंची. त्यापेक्षा कमी असेल तर झडीचं पाणी कौलाखाली उलटं सरकतं. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट अडकत नाहीत, त्यामुळे बाजारातली दहा नवी कौलं मधेमधे घातली तर गळती त्यांच्याभोवतीच सुरू होते. जाणता मालक जवळपास पडणाऱ्या घराची त्याच शिक्क्याची शंभरेक कौलं विकत घेऊन परसात उभी रचून ठेवतो.

पावसाआधी कौलं परतणं हा या घरांचा खरा जीव. वैशाखात माणूस छपरावर चढणार, फुटकी काढणार, सरकलेली बसवणार, पाचोळा झाडणार. एक फुटकं कौल एका पावसाळ्यात एक वासा घालवतं, दोन पावसाळ्यांत वाशाखालची भिंत. आता हे काम जाणणारी माणसं मिळत नाहीत, आणि वर वानरं. एका उडीत दहा कौलं. म्हणून अख्ख्या घरावर लोखंडी सांगाड्याचा पत्रा उभारायची पद्धत सर्वत्र दिसते. जुन्या इमारतींचे जाणकार याला नाकं मुरडतात. आमचं मत जरा वेगळं आहे. कौलं न काढता, वर दोनेक फूट हवा खेळेल अशी फट ठेवून, सांगाड्याचे खांब भिंतीवर न टेकवता जमिनीत रोवलेला पत्रा घर वाचवतो, आणि उद्या काढताही येतो. वाईट तो पत्रा, जो कौलं विकून थेट वाशांवर ठोकलेला असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात किनाऱ्यावर पत्रे सांगाड्यासकट उडाले. कौलांच्या छपरातून वारा फटींतून वाट काढतो, पत्र्याला तो सबंध उचलतो. तेव्हा सांगाडा जमिनीला कसा जखडलाय ते नीट बघावं.

कायदा कुठपर्यंत पुरतो

२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी आहेत. आनंदच आहे, पण त्याने शेजारच्या पेठेतल्या एकाही घराला संरक्षण मिळत नाही.

केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखालच्या स्मारकाभोवती, २०१० च्या दुरुस्तीनुसार, १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. १०० मीटरांच्या आतल्या जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण रीतसर अर्ज करून. किल्ल्याला चिकटलेल्या गावांत हे न कळल्यामुळे लोक दुरुस्तीच करत नाहीत आणि घर पडू देतात, म्हणजे कायद्याच्या हेतूच्या नेमकं उलट. राज्य संरक्षित स्मारकं १९६० च्या राज्याच्या कायद्याखाली येतात. उरलं साधं घर, आळी, पेठ. त्यांच्यासाठी वारसा यादी नगररचनेच्या नियमांतून करावी लागते. मुंबईत हे नियम १९९५ पासून आहेत, आणि राज्यभरासाठीच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीतही वारसा जपण्याची तरतूद आहे. आपल्या गावची यादी आहे का, हे नगरपरिषदेच्या नगररचना विभागात लेखी विचारावं. तोंडी उत्तराला अर्थ नसतो.

पण खरं घोडं अडतं ते उताऱ्यावर. असेसमेंट उताऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर आजोबांचं नाव, खाली बारा-पंधरा सहहिस्सेदार, निम्मे मुंबईत, घर उघडतं गणपतीला आणि शिमग्याला. एकाने पैसे घालून छप्पर दुरुस्त केलं की दुसऱ्याला वाटतं तो हक्क सांगेल. यावर एक साधा कागद करावा: दुरुस्तीच्या खर्चाने कुणाचा हिस्सा वाढणार वा घटणार नाही, आणि खर्चाचा हिशोब सगळ्यांना मिळेल. सगळ्यांच्या सह्या गणपतीत, सगळे जमलेले असतानाच घ्याव्यात. पेठेतल्या दुकानांत भाडेकरूचा प्रश्न असतो. भाडं नाममात्र, म्हणून मालक खर्च करत नाही. दुरुस्तीची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे, पण तेवढ्या भाड्यात कौलंही येत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक असतं.

रत्नागिरीत सुरुवात करायची असेल तर

टिळक आळीतल्या लोकमान्यांच्या जन्मघरापासून सुरू करा. १८५६ मध्ये टिळक इथे जन्मले. घर राज्य संरक्षित आहे, आत जाता येतं. वळचण किती खोल आहे आणि पडवीत उभं राहिल्यावर भिंतीवर पाऊस येऊ शकतो का, एवढंच बघा. मग गोखले नाका, राम आळी, धनजी नाका असं पेठेतून फिरा. खालच्या मजल्यांवर बोर्ड आणि काच आली आहे, म्हणून मान वर करून पहिल्या मजल्याकडे बघत चला. जुनं घर तिथे उरलेलं असतं. शेवटी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी १९१० च्या सुमारास बांधलेला. थिबा १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता, या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. १९१६ मध्ये तो वारला. एक भाड्याचं मध्यमवर्गीय घर आणि एक राजवाडा, पण दोन्हींकडे पावसावरचा तोडगा तोच: जांभ्याच्या भिंती, उतरती कौलारू छपरं. वाड्याच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांची लाकडी नक्षी बघून झाली की खालच्या भिंतींकडे वळा आणि ओल कुठपर्यंत आहे ते शोधा.

राहत्या घराशी थांबलात तर ओटीवर चढण्याआधी चपला खाली काढा आणि हाक मारा, “काकू, जरा बाहेरून घर बघू का?” फोटो विचारून. देवघराचा आणि तिजोरीच्या खोलीचा नको. कौलाचा शिक्का बघायला म्हटलं तर बहुतेकदा घरचंच कुणी परसातलं कौल हातात आणून देतं.

वहीत प्रत्येक घरासाठी पाच मापं पुरतात: पायऱ्या किती, जोत्याची उंची, भिंतीपासून पागोळ्यांच्या रेघेचं अंतर, ओलीच्या पट्ट्याची उंची, कौलाचा शिक्का. ओलीचं माप घेताना टेप भिंतीला उभी लावून, तिच्यासकट फोटो काढा, आणि कुठे उभे होतात ते लिहून ठेवा. आषाढात त्याच दगडावर उभं राहून दुसरा फोटो काढायचा आहे.